खूण दिसली नाही तर विचारा

गोकुळ,

तुझ्या पेटीवरचे शिक्के मी तीनदा मोजले. कार्गोच्या खिडकीवरचा माणूस दोनदा म्हणाला, सर, सगळं बरोबर आहे, तरी मोजले. कागदावर तुझं नाव नीट आहे का, पासपोर्टचा आकडा जुळतो का, वडिलांच्या नावात एखादं अक्षर कमी तर नाही, हे सगळं मी काचेला नाक लावून वाचलं. प्रतिभावहिनी मागे बाकावर बसल्या होत्या. त्यांना माझी लाज वाटली असेल. पण मी असाच आहे, तुला माहीत आहे. भाजीवाल्याच्या काट्यापासून डॉक्टरच्या निदानापर्यंत माझा कशावरही पटकन विश्वास बसत नाही. तू गेलास यावरही बसला नाही. त्या मंगळवारी सकाळी वहिनींचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल, तर "नक्की का?" बाईचा नवरा झोपेत गेलाय आणि मी विचारतोय, नक्की का.

आज अकरा दिवस झाले. वहिनी तुला घेऊन भुसावळला गेल्या, तिथलं सगळं पार पडलं. मी रोज कामाला दोह्याच्या हमद पोर्टला जातो, कंटेनरच्या याद्या तपासतो, घरी येतो. येताजाता गाडीत तुझ्याशी भांडतो. मनातलं खरं काढून समोरासमोर भांडायची हिंमत मला बावीस वर्षांत झाली नाही, आणि आता तू ऐकायला नाहीस तर माझ्या तोंडाला खळ नाही.

मला एकच विचारायचं होतं. गोकुळ, माझं बोट तू मुद्दाम मोडलंस का?

मनीषाला मी लग्नानंतर हे सगळं ताट-वाट्या मांडून समजावलं होतं. बेसबॉलमध्ये चेंडू टाकतो तो पिचर. तो तू. त्याच्या समोर, बॅट्समनच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलतो तो कॅचर. तो मी. कोणता चेंडू टाकायचा हे कॅचर सुचवतो. मांड्यांच्या मधे हात धरून बोटांनी खूण करतो, म्हणजे बॅट्समनला दिसत नाही, पिचरला दिसते. एक बोट म्हणजे सरळ, वेगाचा. दोन बोटं म्हणजे वळून खाली पडणारा. पिचरनं मान हलवली की ठरलं. मग कॅचर त्या चेंडूसाठी हात मांडून बसतो, डाव्या हातात चामड्याचा ग्लोव्ह, उजवा हात उघडा. मी दोन बोटं दाखवून खाली वाट बघत असलो आणि तू सरळ वेगाचा सोडलास, तर त्या उघड्या हाताचं काय होईल हे मनीषाला वाट्यांवरूनसुद्धा कळलं. तिनं माझ्या वाकड्या मधल्या बोटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मुद्दाम कोण कशाला करेल?" मी म्हणालो, तू गोकुळला ओळखत नाहीस. तेव्हा तू जपानला होतास आणि तुझं नावही आमच्या घरात कुणी काढत नसे.

सातवीपासून आपली जोडी. अख्खं भुसावळ क्रिकेट खेळायचं आणि आपण दोघं मैदानाच्या कोपऱ्यात भिंतीशी. शाळेतल्या खेळाच्या सरांना कुठूनतरी दोन ग्लोव्ह आणि एक बॅट मिळाली होती, आणि त्यांनी उंच पोराला चेंडू दिला, बुटक्याला खाली बसवलं. एवढ्यावर आपली आयुष्यं ठरली. पुढं जिल्हा, मग महाराष्ट्राचा संघ. तुझा हात आणि माझं डोकं, असं सर म्हणायचे. ते ऐकून तू हसायचास, आणि मला वाटायचं की हा मनातून चिडला असेल.

मग पुण्याची ती निवड चाचणी. जपानमधल्या एका छोट्या व्यावसायिक संघाची तीन माणसं आली होती, हातात वह्या, गळ्यात शिट्ट्या. आपल्याकडच्या पोरांतून कुणी सापडलं तर पगार देऊन नेणार होते. बेसबॉल खेळून पगार! आपल्या घरी ते कुणाला खरंही वाटलं नसतं. शेवटच्या दिवशी, शेवटच्या सामन्यात, मी दोन बोटं दाखवली. तू वाकून पाहिलंस आणि मान हलवलीस. ही मान मी कधी विसरलो नाही. खूण दिसली नसती तर मान कशाला हलवली असतीस? मी खाली वाट बघत बसलो आणि चेंडू सरळ आला. हाड मोडल्याचा आवाज मी माझ्याच हातातून ऐकला.

यादी वाचली तेव्हा मी दवाखान्यात होतो. यादीत तू होतास.

जायच्या आधी तू घरी आलास. माझ्या प्लास्टरकडे बघत खुर्चीच्या काठावर बसलास. "खूप दुखतं का भो?" विचारलंस. मी म्हणालो, नाही. आईनं दिलेला चहा तू अर्धाच प्यायलास आणि उठलास. त्या अर्ध्या कपाचाही मी पुरावा केला. मन साफ असलेला माणूस चहा पूर्ण पितो, असं मी स्वतःला कितीतरी दिवस सांगत होतो.

तुझी सगळी कारकीर्द मी लांबून, चोरून पाहिली. पहिला हंगाम बाकावर, दुसऱ्यात खेळायला लागलास आणि त्यातच खांदा गेला. ही बातमी मला बाजारात तुझ्या धाकट्या भावानं सांगितली. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते वेगळंच, आणि ते मी इथं लिहीत नाही. तू परत आलास तेव्हा मी नोकरीसाठी मुंबईला आणि तिथून कतारला निघून गेलो होतो. तुझं लोकांना कौतुक तरी कसं वाटणार? जपानमध्ये पगार घेऊन चेंडू टाकत होतो म्हटलं की लोक विचारायचे, मग भारताकडून वर्ल्ड कपला कधी? हे तूच मला नंतर हसत सांगितलंस. शाळेत कंत्राटी पी.टी. मास्तर झालास, मग पुण्यात मुलांना शिकवायला लागलास, आणि सहा वर्षांपूर्वी एका खाजगी अकादमीनं तुला इथं प्रशिक्षक म्हणून आणलं.

तो गणपतीचा दिवस आठवतो? आपल्या मराठी मंडळींनी एका व्हिलाच्या हॉलमध्ये गणपती बसवला होता. मी प्रसादाच्या रांगेत होतो आणि पाठीत धपका बसला. "काय भो हेम्या!" वळलो तर तू. जाड भिंगांचा चष्मा, केस पांढरे, हसू तेच. मला मिठी मारलीस. मी हातातला द्रोण सांडू नये म्हणून मागे सरकलो, असं तुला वाटलं असेल. मी विचार करत होतो की जगात एवढे देश पडलेत, हा नेमका कतारलाच का आला?

त्यानंतर तू माझ्याशी जितका चांगला वागलास तितका माझा संशय वाढत गेला. माझ्या पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर तू माझ्या सईला शाळेत सोडलंस, मुऐदरच्या तुझ्या घरून उलटा वळसा घालून. थंडीत घराच्या गच्चीवर वांगी भाजायचास आणि भरिताचा पहिला डबा आमच्याकडे यायचा, बरोबर कळण्याची भाकरी. मनीषा म्हणायची, किती करतात हो भाऊजी. मी भाकरी मोडायचो आणि मनात म्हणायचो, उगाच कोण एवढं करतं? हा फेडतोय. तू एखाद्या शुक्रवारी आला नाहीस तर वाटायचं, टाळतोय. आलास तर वाटायचं, अंदाज घ्यायला आलाय. माझ्या कोर्टात तुला सुटका नव्हती रे.

सई दहा वर्षांची झाली आणि तिनं तुझ्याकडे यायचा हट्ट धरला. महिनाभरात घरी येऊन म्हणाली, "बाबा, आय ॲम द कॅचर." मी ताडकन उठलो. बापाचं झालं, आता लेकीचं? मी तुला फोन केला, आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं की तिला कॅचर तू केलंस का. तू म्हणालास, नाही भो, तीच जाऊन बसली, मी दोनदा उठवलं. मी यावर विश्वास ठेवला नाही. तरी तिला पाठवत राहिलो. शुक्रवारी आणि शनिवारी सकाळी साडेपाचला, उन्हाच्या आधी, मी तिला मैदानावर सोडायचो आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायचो, एसी लावून, काचेतून तुझ्यावर नजर ठेवून. फिलिपिनो, जपानी, कतारी, आपली, सगळी पोरं तुझ्याभोवती. "यल्ला, कॅप! कॅप!" असा अरबीतून घाई करणारा तुझा आवाज बंद काचेतूनही यायचा.

ती कॅप म्हणजे तुझा तो नियम. कॅचरनं खूण केली की पिचरनं टोपीला हात लावायचा, मग कॅचरनं हेल्मेटला हात लावायचा, आणि दोघांचे हात लागल्याशिवाय चेंडू सुटायचा नाही. खूण दिसली नाही तर पिचरनं सरळ चालत पुढं यायचं आणि विचारायचं. जगात असं कुणी खेळत नाही. मी गाडीत बसून हसायचो. दरवर्षी सप्टेंबरात नवी पोरं आली की तू पार्किंगपर्यंत यायचास, काचेवर टकटक करायचास आणि म्हणायचास, आज पहिला दिवस आहे, पोरांना थोडं काही सांगतो, तू पण येऊन ऐक. मला दरवर्षी नेमका ऑफिसचा फोन असायचा. फोन कधीच नव्हता, गोकुळ. तू चार चांगल्या गोष्टी सांगणार आणि मी कडेला उभा राहून टाळ्या वाजवणार, हे मला झेपणारं नव्हतं.

आणि मग आपलं ते शेवटचं भांडण, तू जायच्या तीन आठवडे आधीचं. सामना हातात होता. पिचर होता तुझ्याकडचा एक जपानी पोरगा. शेवटच्या डावात त्याला सईची खूण दिसली नाही, तो चालत पुढं आला, विचारून परत गेला. असं तीनदा झालं. पंचानं वेळ काढतात म्हणून ताकीद दिली, पोरं बिथरली, सामना गेला. पार्किंगमध्ये मी तुला गाठलं. म्हणालो, तुझ्या या नियमापायी मुलांची मॅच गेली, हे काय खूळ घेऊन बसलायस. तू शांतपणे बॅटांची पिशवी डिकीत ठेवलीस.

"जाऊ दे भो. बोटं तर शाबूत राहिली."

"कुणाची?" मी विचारलं.

तू माझ्या हाताकडे पाहिलंस. काहीतरी बोलणार होतास, मला शपथेवर सांगता येईल. तेवढ्यात सई आली, तिला भूक लागली होती, आणि मी तिला गाडीत बसवून निघालो. आरशात दिसत होतास, डिकी उघडीच, तसाच उभा. मी वाटेत स्वतःशी म्हणालो, कबूल केलं शेवटी. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

विमानतळावरून तुला पाठवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सई माझ्याकडे आली. मैदानावर सगळे मिळून तुझी आठवण काढणार होते, आणि प्रतिभाकाकू भुसावळहून फोनवर बघणार म्हणून तिला मराठीत बोलायचं होतं. तिला मराठी कळतं सगळं, बोलताना मात्र दुसऱ्या वाक्याला गाडी इंग्रजीत शिरते. "हेल्प मी, बाबा. मला फर्स्ट डेची स्टोरी सांगायचीय." मी विचारलं, कुठली स्टोरी? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी घराचा पत्ता विचारतोय.

ती सांगत गेली, अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. तू दरवर्षी पहिल्या दिवशी पोरांना गोल बसवून हेच सांगायचास. की माझा एक कॅचर होता, माझ्यापेक्षा चांगला खेळाडू. त्याच्या जिवावर मी पिचर होतो. एका मोठ्या दिवशी त्यानं बरोबर खूण केली आणि मला ती दिसली नाही. मी पुढं जाऊन विचारायला हवं होतं. पण परदेशी लोक बघत होते, याला साधी खूण दिसत नाही म्हणतील म्हणून मी लाजलो, उगाच मान हलवली आणि अंदाजानं चेंडू टाकला. त्यानंतर तो कधी खेळला नाही. तेव्हा पोरांनो, खूण दिसली नाही तर विचारा. लाजू नका. मी लाजलो आणि माझा मित्र घरी बसला.

"तुला माहीत होतं हा कॅचर कोण?" मी सईला विचारलं.

"बाबा, तुमचं बोट." ती म्हणाली. "एव्हरीबडी नोज. आय थॉट यू न्यू."

म्हणजे अख्ख्या मैदानाला माहीत होतं, गोकुळ. कतारी पोरांना माहीत होतं, जपानी पोराला माहीत होतं, त्यांच्या आयांना माहीत होतं. सगळ्या दोह्यात ही गोष्ट ऐकली नव्हती ती फक्त पार्किंगमध्ये एसी लावून बसलेल्या माणसानं.

माझा स्वभाव बघ, तरी मी पडताळा घेतलाच. वहिनींना भुसावळला फोन लावला. घरात माणसं होती, त्या आतल्या खोलीत जाऊन बोलल्या. म्हणाल्या, जपानला पोचल्या पोचल्या संघाच्या डॉक्टरनं तुझे डोळे तपासले आणि नंबर बघून विचारलं, तू आतापर्यंत खेळत कसा होतास? तोवर तुला स्वतःलाही ठाऊक नव्हतं, सगळ्यांना एवढंच दिसतं असं तू धरून चाललेला. मी विचारलं, वहिनी, मला का नाही सांगितलं त्यानं?

"मी किती वेळा म्हटलं, सांगून टाका. तर म्हणायचे, हेम्यानं विचारलं तर सांगीन. मी आपणहून सांगितलं तर त्याला वाटेल सबब सांगतोय." मग त्यांनीच विचारलं. "तुम्ही कधीच नाही विचारलंत का हो भाऊजी?"

मला अगदी तसंच वाटलं असतं. तू येऊन सांगितलं असतंस की डोळे अधू होते, तर मी म्हणालो असतो, आता चष्मा लागला म्हणून चांगलं सुचलं. तू मला इतकं ओळखून होतास याचा मला राग आला, आणि मग मी बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. तुझ्या जाण्यानंतर पहिल्यांदा. तू माझ्या विचारण्याची वाट बघत होतास आणि मी तुझ्या कबुलीची, आणि मधे नुसतं भरीत ये-जा करत होतं.

इथं हे संपायला हवं. संशय फिटला, मित्र निर्दोष, मी मूर्ख. पण एक गोष्ट मी वर मुद्दाम लिहिलेली नाही. पुण्याची हकीकत मनीषाला सांगताना मी ती कधी सांगितली नाही, आणि आज तुला सांगतानाही टाळलीच.

दहावीत असताना तू मला म्हणाला होतास, "हेम्या, बोटांना फक्की लाव भो. मांडीच्या सावलीत मले काहीच समजत नाही." मैदान आखायची पांढरी फक्की. तेव्हापासून प्रत्येक सामन्याआधी मी उजव्या हाताची बोटं फक्कीच्या पोत्यात बुडवायचो. पांढरी बोटं सावलीतही तुला दिसायची. डोळ्यांचं कुणालाच ठाऊक नव्हतं, पण फक्कीशिवाय तुझं अडतं हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्याशिवाय कुणालाच नव्हतं. आणि पुण्याला, त्या शेवटच्या सामन्याआधी, मी नळावर जाऊन बोटं धुतली. पुसून कोरडी केली आणि तुला काही न सांगता जागेवर जाऊन बसलो.

तू पोरांना सांगितलंस, कॅचरनं बरोबर खूण केली. तुझी तेवढी बाजू सांगून तू थांबायचास. बोटं त्या दिवशी पांढरी नव्हती हे तुझ्याइतकं कुणाला कळलं असेल? तरी ते तू सईला सांगितलं नाहीस, वहिनींना नाही, मलाही एकदा तरी ऐकवावं, तेही नाही. बावीस वर्षं मी तुझ्यावर खटला चालवत होतो आणि तू आरोपीच्या जागी उभा राहून मला सांभाळून घेत होतास.

काल शुक्रवारी मैदानावर पोरं गोल बसली. सईनं गोष्ट सांगितली, दोन ठिकाणी अडखळली, पण सगळी मराठीत सांगितली. फोनच्या पडद्यावर वहिनी डोळ्यांना पदर लावून ऐकत होत्या. मग कुणीतरी म्हणालं, सईच्या बाबांनी दोन शब्द बोलावेत. मी उठलो. हिंदी-इंग्रजीची खिचडी करत सांगितलं की गोष्टीतला कॅचर मी आहे, आणि कोचनं तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली. फक्कीचं सांगितलं. म्हणालो, पुण्या-मुंबईच्या कॅचरांचे स्वच्छ हात बघून मला माझ्या पांढऱ्या बोटांची लाज वाटली, परदेशी लोक गावंढळ म्हणतील म्हणून मी ती धुतली, आणि कोचला सांगितलं नाही. चूक त्यांची नव्हती, माझी होती. फोनमधून वहिनी एवढंच म्हणाल्या, बरं झालं भाऊजी, बोललात. मला हलकं वाटलं. पोरांच्या रांगेतून एकेकानं येऊन माझ्याशी हात मिळवला, आणि त्या जपानी पोरानं माझ्या वाकड्या बोटाकडे बघून टोपीला हात लावला.

सई गाडीत बसली ती माझ्याकडे न बघता. सीटबेल्ट लावला. मी गाडी सुरू केली, तिनं हात पुढं करून एसी बंद केला.

"बाबा, देअर वॉज ओन्ली वन स्पॉट?"

हे मी मैदानावर बोललो नव्हतो. तिनं कुठून काढलं कोण जाणे. मी म्हणालो, हो, महाराष्ट्रातून एकालाच नेणार होते.

"कोचसरांना माहीत होतं?"

नाही, म्हणालो. त्या शेवटच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी चहा पिताना निवड चाचणीच्या मॅनेजरनं ते फक्त मला सांगितलं होतं, आणि मी तुझ्यापासून लपवलं होतं.

तिनं समोरच्या रिकाम्या मैदानाकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, आणि या वेळी पूर्ण मराठीत विचारलं. "तुम्हाला ते चुकायला हवे होते का?"

माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती. लाजेचं होतंच, ते तासाभरापूर्वी सगळ्यांसमोर चाललं होतं, तिथं कुणालाही शंका आली नव्हती. पण माझ्या शेजारी सई बसली होती, आणि ती माझ्या तोंडाकडे तशी बघत होती, जसा मी आयुष्यभर सगळ्यांच्या तोंडाकडे बघत आलो.

मी म्हणालो, हो.

ती घरी पोचेपर्यंत बोलली नाही, आजही बोललेली नाही. तू मला काही न विचारता सोडून दिलंस, गोकुळ. ही सोडणार नाही, माझी मुलगी आहे.